जलद, वेगवान, चपळ: कुठे कोणता शब्द बसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरची भाषा तेलुगू, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि आता भरती परीक्षेसाठी मराठीची तयारी चालू आहे. निबंधात तुम्ही लिहिलंत, ‘माझा धाकटा भाऊ खूप जलद आहे.’ तपासणाऱ्यांनी ‘जलद’खाली लाल रेघ मारली, पण त्याजागी काय हवं ते लिहिलं नाही. शब्दकोशात पाहिलं तर ‘फास्ट’ला जलद, वेगवान, शीघ्र, द्रुत, चपळ असे पाच-सहा प्रतिशब्द एका ओळीत दिलेले. मग चूक कुठे झाली, आणि ‘जलद’ नेमका कुठे वापरायचा?

सोलापुरात मी बरीच वर्षं मराठी शिकवते आहे. वर्गात घरी तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलणारी मुलं नेहमीच अर्ध्याहून जास्त असतात. त्यामुळे हे वाक्य माझ्या चांगलं ओळखीचं आहे. त्यात व्याकरणाची चूक नाही. कर्ता, विशेषण, क्रियापद सगळं जागेवर आहे. तरी मराठी कानाला ते खटकतं. ‘जलद’चा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे, तो कशाला लावायचा, एवढंच कोणी सांगितलेलं नाही.

शब्द निवडण्याआधी स्वतःला विचारा, इथे कमी-जास्त होणारी गोष्ट कोणती आहे? डोळ्यांना दिसणारी हालचाल, काम पुरं व्हायला लागणारा वेळ, की एखाद्याच्या अंगातली तरतरी? इंग्रजी या तिन्हींना ‘फास्ट’ म्हणून मोकळी होते. मराठी तिन्ही वेगळ्या ठेवते.

‘जलद’ हा वेळेचा शब्द आहे. कमी वेळात पोचवणारं, कमी वेळात पुरं होणारं ते जलद. एसटी स्टँडवर उभं राहून पाहा. पुण्याच्या एका गाडीला ‘जलद’ अशी पाटी असते, शेजारच्या साध्या गाडीला नसते. दोन्ही लालच, इंजिन सारखंच, रस्ताही एकच. जलद गाडी मधले थांबे गाळते, म्हणून आधी पोचते. रेल्वेचंही तेच आहे. पॅसेंजर बाळे, पाकणी, मोहोळ, माढा करत कुर्डुवाडीला जाते. जलद गाडी यातली बरीच स्टेशनं सोडून देते. रुळावर धावताना दोघींचा वेग कधीकधी सारखाच असतो. रेल्वे एखाद्या गाडीला सुपरफास्ट ठरवते तेव्हाही ती जास्तीत जास्त किती धावू शकते हे पाहत नाही. ब्रॉडगेजवर जाता-येता दोन्ही वेळा सरासरी वेग ताशी ५५ किलोमीटर किंवा त्याहून अधिक असावा, असा तो निकष आहे. सरासरी म्हणजे अखेर लागलेला वेळच.

सोलापूर–मुंबई वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली, तेव्हापासून वर्गात मी तिचंच उदाहरण देते. ती जलद गाडी आहे आणि वेगवान गाडीही आहे. पण लोणावळा ते कर्जत भोर घाट लागला की तिला वेग आवरावा लागतो. त्या घाटात ३७ फुटांना एक फूट इतका उतार आहे. खिडकीशी बसलेला माणूस तेव्हा ‘गाडी वेगात आहे’ असं म्हणणार नाही. पण त्या क्षणीही ती जलद गाडीच असते, कारण मुंबईला ती कमी वेळातच पोचणार आहे. ‘वेगवान’ हा धावण्याबद्दल बोलतो, ‘जलद’ पोचण्याबद्दल. एवढं पक्कं झालं की निम्मं काम झालं.

मग भाऊ ‘जलद’ का होत नाही, हेही कळतं. माणूस काही ठरावीक वेळात पुरा व्हायचा नसतो. सेवा जलद असते, निकाल जलद लागतो, उपाय जलद असतो, न्यायालय जलदगती असतं, पाणी जलद उकळतं. या सगळ्यांना सुरुवात आणि शेवट आहे. भावाला तसा शेवट नाही. त्याच्या एखाद्या कामाला आहे, म्हणून ‘तो जलद टाइप करतो’ हे वाक्य चालतं.

तुम्हाला भावाबद्दल काय म्हणायचं होतं ते मला माहीत नाही, आणि उत्तर त्यावरच अवलंबून आहे. तो शर्यतीत पुढे असेल तर ‘तो वेगाने धावतो’ किंवा साधं ‘जोरात पळतो’. झाडावर सरसर चढत असेल, खो-खोत हुलकावणी देत असेल तर ‘चपळ’. तुमच्या घरी ज्याला ‘चुरुकु’ म्हणतात ना, त्याच्या जवळचा हा मराठी शब्द. एकदा सांगितलेलं त्याला चटकन कळत असेल तर ‘तल्लख’ किंवा ‘हुशार’. ‘तेज’ही चालतो, पण तो बुद्धीकडे झुकतो, ‘तेज पोरगा’ म्हटल्यावर कोणी त्याच्या पळण्याचा विचार करत नाही. आणि ‘चलाख’ जपून वापरा. त्यात कौतुक असतं, पण थोडा संशयही असतो. हिंदीच्या सवयीने पुष्कळ मुलं तो बेधडक लिहितात.

राहिला कामाचा वेग. इथे मराठीकडे एक फार सुंदर शब्द आहे, जो इंग्रजीतून विचार करणाऱ्याला सुचतच नाही. तो म्हणजे ‘उरक’. तुम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले असाल तर विड्या वळणाऱ्या बायका तुम्ही लहानपणापासून पाहिल्या असतील. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते, म्हणून हाताच्या वेगावर घर चालतं. अशा बाईला मराठीत कोणी ‘जलद बाई’ म्हणत नाही, ‘वेगवान बाई’ तर नाहीच. ‘तिला कामाचा उरक आहे’, ‘तिचा हात चालतो’ असं म्हणतात. उरक म्हणजे नुसती घाई नव्हे. काम हातावेगळं करण्याची क्षमता त्यात आहे, आणि ते नीट झालेलं आहे हेही गृहीत आहे. घाईत विडी सैल वळली गेली आणि कारखान्यात ती बाजूला टाकली गेली, तर त्याला कोणी उरक म्हणणार नाही. माणसाच्या कामाबद्दल चांगलं लिहायचं असेल तेव्हा हा शब्द आठवा. ‘माझ्या आईला कामाचा मोठा उरक आहे’ हे वाक्य निबंधात आलं की तपासणाऱ्याला कळतं, हा विद्यार्थी मराठीतच विचार करतो आहे.

आता व्याकरणाची बाजू. मराठी मातृभाषा असलेल्यांकडूनही ती सुटते. ‘जलद’ विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही. ‘जलद गाडी’ बरोबर, ‘गाडी जलद जाते’ हेही बरोबर. ‘वेगवान’ मात्र केवळ विशेषण आहे. ‘वेगवान गाडी’ चालतं, पण ‘गाडी वेगवान धावते’ हे अडखळतं. तिथे ‘वेगाने’ किंवा ‘वेगात’ हवं. ‘चपळ’चंही तसंच आहे: ‘चपळ मुलगी’, पण ‘ती चपळाईने उडी मारते’. ‘लवकर’ याच्या अगदी उलट. तो क्रियाविशेषण आहे. ‘गाडी लवकर आली’ ठीक, ‘लवकर गाडी’ नाही. ‘लवकरची गाडी’ म्हटलं तर अर्थ बदलतो, ती सकाळी आधी सुटणारी गाडी होते.

‘लवकर’पाशी कन्नड बोलणाऱ्या मुलांचा गोंधळ विशेष होतो. त्यांच्या ‘बेग’मध्ये वेगाने आणि वेळेआधी हे दोन्ही अर्थ आहेत. मराठी ‘लवकर’ही बोलण्यात दोन्हीकडे जातो: ‘लवकर ये’ म्हणजे वेळेआधी ये किंवा पटकन ये. पण ‘तो लवकर चालतो’ असं लिहिलं की वाचणारा थबकतो. चालण्याला ‘भरभर’ किंवा ‘झपाझप’ हवं. आमच्याकडच्या खेड्यांत ‘बिगीबिगी चाल’ म्हणतात. त्या ‘बिगी’चं ‘वेग’शी आणि कन्नड ‘बेग’शी नातं कानालाच जाणवतं. परीक्षेच्या निबंधात तो संवादाबाहेर घेऊ नका, पण बोलताना सोडूही नका. हा आपल्या भागाचा शब्द आहे.

आणखी एक सापळा ‘जोरात’चा. ‘जोरात पळ’ म्हणजे वेगाने पळ. पण ‘जोरात बोल’ म्हणजे मोठ्या आवाजात बोल. एखादा माणूस श्वास न घेता बोलतो असं म्हणायचं असेल तर ‘तो भराभर बोलतो’ असं लिहा. ‘जोरात बोलतो’ लिहिलंत तर वाचणारा त्याला मोठ्या आवाजाचा समजेल.

माझं स्पष्ट मत असं आहे की, वेग दाखवताना मराठीची खरी ताकद विशेषणांत नाही, तर या छोट्या क्रियाविशेषणांत आहे. तुम्ही शब्दकोशात ‘फास्ट’ उघडलात, ते विशेषण आहे म्हणून तुम्हाला विशेषणंच मिळाली. मराठी माणूस मात्र बोलताना वेग बहुधा क्रियापदाच्या शेजारी ठेवतो. एकदाच घडणारी छोटी क्रिया असेल तर पटकन, चटकन, झटकन: पटकन दार लावलं, चटकन उत्तर दिलं, झटकन हात मागे घेतला. एकामागून एक तीच क्रिया घडत असेल तर भराभर: आईने भराभर भाकरी थापल्या. पावलं असतील तर झपाझप. झाडावर चढणं असेल तर सरसर. पक्षी उडाला तर भुर्रकन, गाडी शेजारून गेली तर भर्रकन, साप गेला तर सर्रकन. यांतले बरेच शब्द आवाजावरून आले आहेत आणि प्रत्येकाची हालचाल वेगळी आहे. म्हणून अदलाबदल केली की चित्र मोडतं. ‘तिने पटकन शंभर भाकरी थापल्या’ हे कुणालाच पटत नाही, कारण पटकनमध्ये शंभर भाकऱ्या मावत नाहीत. हे शब्द पाठ करून येत नाहीत. दिवसभरात कानावर पडतील तसे पूर्ण वाक्यासकट लिहून ठेवा. शेजारणीचं बोलणं, रिक्षावाल्याचं बोलणं, सामन्याचं समालोचन, सगळं उपयोगी आहे.

समालोचनावरून आठवलं, गोलंदाजाला ‘वेगवान गोलंदाज’ म्हणतात. तुम्ही विचाराल, इथे माणसाला ‘वेगवान’ कसं चाललं? इथे ‘वेगवान’ त्याने टाकलेल्या चेंडूबद्दल बोलतो. ‘जलदगती गोलंदाज’ असंही छापलं जातं. तोच गोलंदाज क्षेत्ररक्षण करताना ‘चपळ’ असू शकतो किंवा नसू शकतो.

आता ‘शीघ्र’ आणि ‘द्रुत’. हे दोन्ही संस्कृतातून आलेले, आणि आजच्या मराठीत ते क्वचितच एकटे दिसतात. ‘शीघ्र गाडी’ असं कोणी म्हणत नाही. शीघ्रकवी, शीघ्रकोपी, शीघ्र कृती दल अशा जोडीतच ते भेटतात. शीघ्रमध्ये तयारीला वेळ न घेणं हा अर्थ मुख्य आहे. शीघ्रकवी म्हणजे लिहिण्याचा वेग असलेला नव्हे, तर उभ्या उभ्या कवन रचणारा. शाहीर राम जोशींच्या या सोलापुरात हे समजायला अवघड जाऊ नये, कारण सवाल-जवाबाच्या फडात विचाराला अवधी मिळतच नाही. ‘द्रुत’ आपण दोन ठिकाणी ऐकतो: संगीतात विलंबित, मध्य आणि द्रुत लय, आणि रस्त्यावर मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग. या ठरलेल्या जागांबाहेर हे शब्द नेऊ नका. भाषा भारदस्त व्हावी म्हणून ‘द्रुत मुलगा’ लिहिणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. अशाने गुण वाढत नाहीत.

कार्यालयीन पत्राचा प्रश्न तुमच्या परीक्षेत हमखास असेल, म्हणून ‘त्वरित’ समजून घ्या. तेलुगूतला ‘त्वरगा’ तुम्हाला माहीत आहे, मूळ तेच. त्वरित म्हणजे सुरुवातीला उशीर न करता. ‘त्वरित कळवावे’ म्हणजे पत्र मिळताच कळवा. ‘जलद’मध्ये सुरुवातीचा नव्हे, एकूण लागणाऱ्या वेळाचा विचार आहे. नळ फुटल्याच्या तक्रारीवर महानगरपालिकेने त्वरित काम हाती घेतलं आणि ते जलद पुरं केलं, असं वाक्य करून पाहा. दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात. ‘तातडीने’मध्ये परिस्थितीची निकडही येते, म्हणून दुरुस्तीच्या विनंतीत तो जास्त शोभतो.

वर्तमानपत्रांतून मुलं ‘भरधाव’ उचलतात. पुणे महामार्गावर अपघात झाला की बातमीत ‘भरधाव ट्रकने’ येतंच. वाहनाला लावलेल्या या शब्दात ठपका असतो: वेग आवरला नाही, काळजी घेतली नाही. जखमीला वेळेत पोचवणाऱ्या रुग्णवाहिकेचं कौतुक करताना ‘भरधाव रुग्णवाहिका’ लिहिलंत तर चालकावरच शिंतोडे उडतील. घोड्याला मात्र भरधाव म्हटलं तर दोष लागत नाही, तिथे ते नुसतं वर्णन असतं. ‘भरधाव वेगाने’ ही जोडी सर्रास छापली जाते, पण धाव म्हटल्यावर वेग आलाच. बोलण्यात असू द्या, परीक्षेत नुसतं ‘भरधाव’ लिहा. ‘सुसाट’ त्याचाच सख्खा भाऊ, पण त्यात ठपका कमी आणि मोकळेपणा जास्त: सुसाट वारा, सुसाट पळत सुटला.

इंग्रजी ‘फास्ट’चा एक अर्थ तर वेगाशी संबंधितच नाही, आणि तो आपल्या गावात रोज दिसतो. चादरीच्या वेष्टनावर ‘फास्ट कलर’ छापलेलं असतं. त्याचा अर्थ धुतल्यावर न जाणारा रंग. त्याला दुकानदार ‘पक्का रंग’ म्हणतात, तेच लिहायचं. भाषांतराच्या प्रश्नात असा शब्द आला की थांबून पाहा, तो हलणाऱ्या गोष्टीबद्दल आहे की न हलणाऱ्या.

बोलताना ‘फास्ट’च वापरला तर? माझी हरकत नाही. ‘लूम फास्ट चालतोय’, ‘नेट फास्ट आहे’ हे सोलापुरात सगळे म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. फक्त माणसाबद्दल, विशेषतः मुलीबद्दल, ‘जरा फास्टच आहे’ म्हटलं की ऐकणारा नको तो अर्थ घेतो. तिथे जपा.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की, कवितेत ‘श्यामल जलद’ वाचलं, तिथे वेगाचा संबंध काय? काहीच नाही. तो दुसराच शब्द आहे. संस्कृतात जल म्हणजे पाणी आणि ‘द’ म्हणजे देणारा, म्हणून जलद म्हणजे ढग. वेगाचा ‘जलद’ फारसीतल्या ‘जल्द’वरून आला, हिंदीतली ‘जल्दी’ त्याच घरातली. लिहायला दोघे सारखे, कुळ वेगळं. गद्यात ढगाच्या अर्थाने ‘जलद’ आज कोणी लिहीत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात घोटाळा होत नाही. कवितेवरच्या प्रश्नात तेवढं लक्षात ठेवा.

लेखनाचं थोडं सांगते, कारण इथे गुण सहज जातात. ‘त्वरित’मधला रि ऱ्हस्व आहे, ‘त्वरीत’ सगळीकडे दिसतं, तरी चूकच. ‘शीघ्र’मधला शी दीर्घ. ‘गती’ शब्द एकटा किंवा शेवटी आला की ती दीर्घ: गती, जलदगती, द्रुतगती. समासात आधी आला की ऱ्हस्व: गतिमान, गतिरोधक. तुलना करताना ‘अधिक जलद’, ‘सर्वांत वेगवान’ असं लिहा, आणि ‘सर्वांत’वरचा अनुस्वार विसरू नका. ‘जलद’ आणि ‘वेगवान’ लिंगाने बदलत नाहीत: वेगवान घोडा, वेगवान गाडी, वेगवान वाहन. संस्कृत शिकलेली मुलं गाडीला ‘वेगवती’ लिहायला जातात. मराठीत त्याची गरज नाही. विज्ञानाच्या प्रश्नात मात्र पाठ्यपुस्तकाची परिभाषाच पाळा. तिथे चाल, वेग आणि त्वरण या तीन वेगळ्या राशी आहेत, रोजच्या बोलण्यासारखी सूट तिथे नाही.

परीक्षेत ऐनवेळी शब्द सुचला नाही, तर विशेषण शोधत बसू नका. वाक्य फिरवून क्रियापदाकडे न्या. ‘भाऊ कसा आहे’ याऐवजी ‘भाऊ काय करतो’ ते लिहा: तो वेगाने धावतो, भरभर वाचतो, गणित चटकन सोडवतो. तुमचं ते वाक्य भावाच्या नेमक्या गुणासकट पुन्हा लिहून पाठवा, मी पाहून देईन.